‘वऱ्हाड’ लंडनला नेणारा मराठवाड्याचा माणूस : डॉ. लक्ष्मण देशपांडे

बीड : रंगमंचावर एकच माणूस. सोबतीला ना नट, ना नटी. तरी पाहणाऱ्याला वाटतं, समोर अख्खं गाव उभं आहे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. हा प्रयोग लिहिणारे आणि तो वर्षानुवर्षे एकट्याने करणारे लेखक-अभिनेते म्हणजे डॉ. लक्ष्मण देशपांडे. आपल्या भागात त्यांचं नाव आजही प्रेमाने घेतलं जातं. नव्या पिढीला मात्र त्यांच्याविषयी फारसं ठाऊक नाही.

प्राध्यापक ते रंगकर्मी

लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ५ डिसेंबर १९४३ चा. त्या वेळी मराठवाडा निजामाच्या राजवटीत होता. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, तेव्हा त्यांना पाच वर्षंही पूर्ण झाली नव्हती. पुढे त्यांनी शिकवण्याचं काम केलं आणि औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. बीड जिल्ह्यातली महाविद्यालयं याच विद्यापीठाला जोडलेली आहेत. एकीकडे पोरांना नाटक शिकवायचं आणि दुसरीकडे स्वतः रंगमंचावर उभं राहायचं, अशी दोन्ही कामं त्यांनी सोबत केली.

नाटकात आहे तरी काय?

‘वऱ्हाड’ हा शब्द वाचून काहींना विदर्भाचा वऱ्हाड भाग आठवतो. इथं मात्र अर्थ आहे लग्नाचं वऱ्हाड. खेड्यातला एक पोरगा लंडनला जातो आणि तिथल्या गोऱ्या मुलीशी त्याचं लग्न ठरतं. मग काय, गावातली सगळी मंडळी लग्नासाठी लंडनला निघतात. ज्यांचा प्रवास जास्तीत जास्त तालुक्यापर्यंत, ती माणसं विमानात बसतात. रुसवे-फुगवे, मानपान, घाई-गडबड, सगळं सोबत घेऊनच.

१९७९ मध्ये या प्रयोगाची सुरुवात झाली. सुमारे तीन तासांत देशपांडे ५२ पात्रं उभी करायचे. त्यात म्हातारे, बाया, पोरंसोरं आणि इंग्रज माणसंही असत. पात्र बदललं म्हणून कपडे बदलायचे नाहीत, मोठा सेटही नाही. फक्त आवाज, मानेची ठेवण, चालण्याची ढब आणि बोलण्याचा हेल. एवढ्यावरून कोण बोलतंय ते शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळायचं. या प्रयोगाची नोंद ‘गिनीज बुक’मध्ये झाली. हजाराहून जास्त प्रयोग झाले आणि परदेशातल्या मराठी माणसांनीही ते डोक्यावर घेतलं.

खरं काम केलं ते भाषेचं

एकपात्री प्रयोग मराठीला नवा नव्हता. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर आणली होती. त्यात मुंबईची चाळ होती, चाळीतली माणसं होती. लक्ष्मण देशपांडे यांनी त्याच पद्धतीने मराठवाड्याचं गाव उभं केलं. तेही गावाच्याच बोलीत.

ही गोष्ट लहान नाही. अंबाजोगाईत ज्यांची समाधी आहे, त्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ हा मराठीतल्या सगळ्यात जुन्या ग्रंथांपैकी एक मानला जातो. म्हणजे मराठीच्या जुन्या वाटा आपल्याच जिल्ह्यातून गेल्या आहेत. तरीही आपली बोली नाटक-सिनेमात फार काळ गडी किंवा गावंढळ पात्राच्याच तोंडी असायची. शिक्षणाला किंवा कामाला पुण्या-मुंबईत गेलेल्या पोरांना आजही आपला हेल लपवावा वाटतो. कुणी हसेल ही भीती असते.

‘वऱ्हाड’मध्येही लोक हसतात, पोट धरून हसतात. पण तिथं ही बोली एखाद्या कोपऱ्यातल्या पात्राची नाही. गोष्ट याच माणसांची आहे आणि तीन तास तीच चालवतात. ती लंडनमध्ये बावरतात, चुकतात, पण लाजत नाहीत. हाच फरक आहे. विद्यापीठाच्या एका विभागप्रमुखाने ही बोली अभिमानाने रंगमंचावर आणली, म्हणून शहरातल्या प्रेक्षकानेही ती तिकीट काढून ऐकली. पुढे मकरंद अनासपुरे यांनी सिनेमात मराठवाडी ढंग लोकप्रिय केला. त्याआधीच ‘वऱ्हाड’ने लोकांच्या कानाला ही बोली ओळखीची करून ठेवली होती.

खेड्याला ओळखीची पद्धत

खेड्यातल्या माणसाला एकट्याचा खेळ परका नाही. कीर्तनकार उभ्या उभ्या राजाही होतो आणि भिकारीही. बहुरूपी दारात येऊन पोलीस होतो. भारुडात एकच माणूस सोंगं बदलतो. ‘वऱ्हाड’ पाहताना नाटकाची सवय नसलेल्या माणसालाही काही अवघड जात नाही, त्याचं हे एक कारण. शिवाय सेटचा ट्रक आणि वीस-पंचवीस माणसांचा खर्च नसल्याने असा प्रयोग लहान गावातही करता येतो.

माजलगावच्या कलाकाराकडे वारसा

२००९ साल बीडच्या नाट्यरसिकांना दोन कारणांनी लक्षात राहील. त्या वर्षी ८९ वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन बीडमध्ये भरलं. ज्येष्ठ गायक-अभिनेते रामदास कामत त्याचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी २२ फेब्रुवारीला डॉ. लक्ष्मण देशपांडे यांचं निधन झालं.

५२ माणसांचं हे गाव एकाच माणसाच्या अंगात वसलेलं. तो माणूस गेला की गावही गेलं, असंच अनेकांना वाटलं. पण तसं झालं नाही. मूळचे आपल्या माजलगावचे अभिनेते संदीप पाठक यांनी हा प्रयोग पुन्हा रंगमंचावर आणला. ‘एक हजाराची नोट’, ‘इडक’ अशा चित्रपटांतून लोकांना माहीत असलेले पाठक आता हे वऱ्हाड घेऊन गावोगावी आणि परदेशातही जातात.

गॅदरिंगला, गणपतीत किंवा युवक महोत्सवात काही करून दाखवावं असं वाटणाऱ्या पोरा-पोरींना देशपांडे यांच्या कामातून एक गोष्ट नक्की घेता येईल. सामान लागतं ते थोडंच. आपल्या गावातली माणसं नीट पाहायची, ती कशी बोलतात ते कान देऊन ऐकायचं आणि तसंच, न लाजता बोलायचं.