ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारींची घरगुती देखभाल व दुरुस्ती : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

यंत्रयुगाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने शोध, उत्पादन आणि कारखानदार यांच्याकडे जाते. यंत्र कोणी घडविले, ते किती संख्येने तयार झाले, कारखाना कशामुळे बुडाला, या प्रश्नांची उत्तरे ग्रंथांत सहज सापडतात. मात्र कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्यानंतर त्या यंत्राचे पुढे काय झाले, ते कोणी आणि कशाच्या बळावर चालते ठेवले, याची नोंद क्वचितच घेतली जाते. दुरुस्ती हा इतिहासाचा विषय होऊ शकतो, ही जाणीव आपल्याकडे अद्याप रुजावयाची आहे.

प्रस्तुत लेखात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमधील दोन आसनी स्पोर्ट्स मोटारींच्या घरगुती दुरुस्तीचा विचार करावयाचा आहे. विवेचनासाठी मुख्यतः एम.जी.बी. ही मोटार निवडली आहे. ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या. कारखाना बंद होऊन चार दशके लोटली, तरी त्यांपैकी हजारो मोटारी आजही रस्त्यावर धावतात. याचे कारण विचारले असता मालकांचे मोटारीवरील प्रेम, असे उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर अपुरे आहे. भंगारात गेलेल्या असंख्य मोटारींवरही कोणाचे तरी प्रेम होतेच. या मोटारी टिकल्या त्या त्यांच्या असामान्यत्वामुळे नव्हे, तर सामान्यत्वामुळे. आणि त्यांच्या दुरुस्तीचे ज्ञान योग्य वेळी कारखान्याबाहेर पडून छापील स्वरूपात सर्वांच्या हाती आले म्हणून, असे येथे सुचवावयाचे आहे.

एम.जी. या अक्षरांचा अर्थ ‘मॉरिस गॅरेजेस’. सायकलदुरुस्तीपासून व्यवसायाची सुरुवात करणाऱ्या विल्यम मॉरिस यांच्या ऑक्सफर्डमधील विक्री व दुरुस्तीच्या पेढीचे हे नाव. तेथील व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी १९२० च्या दशकात मॉरिसच्या साध्या मोटारींवर आकर्षक सांगाडे चढवून विकण्यास प्रारंभ केला आणि त्यातूनच हा व्यवसाय १९२९ मध्ये ॲबिंग्डनला स्थिरावला. साध्या मोटारीचे अंतरंग आणि देखणे बाह्यांग ही परंपरा अशी आरंभापासूनची आहे.

साधे अंतरंग

१९५८ साली बाजारात आलेली ऑस्टिन-हीली स्प्राइट हे या परंपरेचे उत्तम उदाहरण होय. तिचे ९४८ घनसेंटिमीटरचे इंजिन ऑस्टिन ए३५ या छोट्या कौटुंबिक मोटारीचे होते आणि सुकाणूची यंत्रणा मॉरिस मायनरची. एम.जी.बी.चे १,७९८ घनसेंटिमीटरचे इंजिन ‘बी’ मालिकेतील होते. याच मालिकेतील १,४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन १९५५ च्या एम.जी.ए. या स्पोर्ट्स मोटारीत आणि मॉरिस ऑक्सफर्ड या सुस्वभावी कौटुंबिक मोटारीतही वापरले गेले. आपल्याकडील वाचकांना हे इंजिन नावाने नसले तरी आवाजाने परिचित आहे. मॉरिस ऑक्सफर्डवरून घडविलेल्या हिंदुस्थान ॲम्बॅसिडरमध्ये १९५९ पासून तेच बसविले जाऊ लागले. सरकारी कचेऱ्यांसमोर उभ्या राहणाऱ्या त्या पांढऱ्या मोटारी आणि इंग्लंडमधील हौशी तरुणाची लाल एम.जी.ए. यांचे असे जवळचे नाते आहे. उत्तरपाडा येथील ॲम्बॅसिडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले.

या सामायिकतेचा दुरुस्तीवर झालेला परिणाम दूरगामी होता. क्लचची तबकडी, पाण्याचा पंप, डिस्ट्रिब्युटरचे झाकण अशा वस्तू कोणत्याही गावातील सुट्या भागांच्या दुकानात मिळत. तेथे न मिळाल्यास भंगारवाल्याकडे पडलेल्या एखाद्या कौटुंबिक मोटारीतून काढून आणता येत. केवळ एकाच मोटारीसाठी घडविलेला भाग नाहीसा झाला की ती मोटार थांबते. लाखो मोटारींना समान असलेला भाग मात्र सहसा नाहीसा होत नाही.

अर्थात हे सामान्यत्व नेहमीच सरळ नव्हते. १९४५ ते १९४९ या काळातील एम.जी. टी.सी. या मोटारीच्या इंजिनाचे नट-बोल्ट या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. मॉरिस यांनी १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्री येथील इंजिन कारखाना विकत घेतला. तेथील यंत्रे मेट्रिक आटे पाडणारी होती. ती बदलणे खर्चाचे, आणि इंग्रज कारागिरांच्या हाती तर व्हिटवर्थ मापाचे पाने! तेव्हा मार्ग असा निघाला की आटे मेट्रिकच ठेवावेत, परंतु बोल्टचे डोके मात्र व्हिटवर्थ पान्यात बसेल असे करावे. या तडजोडीचा वारसा टी.सी.च्या इंजिनापर्यंत पोहोचला. परिणामी हरवलेल्या बोल्टच्या जागी दिसायला तंतोतंत तसाच बोल्ट आणून बसवू पाहणाऱ्या मालकाचे आटे आजही मोडतात. १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी समान आट्यांचे प्रमाण स्वीकारल्यानंतरच्या एम.जी.बी.मध्ये हा घोळ बराच कमी झाला. इंची पान्यांचा एक बरा संच असला की मोटारीचा बहुतेक भाग खोलता येऊ लागला.

पुस्तक आणि पाना

साधी रचना असली तरी ती उलगडून दाखविणारे कोणीतरी हवे असते. कारखान्याची दुरुस्तीपुस्तिका प्रशिक्षित मेकॅनिकसाठी लिहिलेली असे. विशिष्ट हत्यारे हाताशी आहेत, असे तीत गृहीत धरलेले असे. ही उणीव भरून काढण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर जॉन हेन्स यांच्याकडे जाते. श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, जन्मलेल्या हेन्स यांनी शाळकरी वयातच ऑस्टिन सेव्हनपासून हौशी मोटार कशी बांधावी, याची पुस्तिका १९५६ मध्ये काढली होती. पुढे हवाई दलाच्या नोकरीत एडन येथे असताना एका सहकाऱ्याची जुनी स्प्राइट त्यांनी पूर्ण खोलली आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेऊन ती पुन्हा जोडली. त्यातून १९६६ मध्ये त्यांचे पहिले दुरुस्तीपुस्तक सिद्ध झाले. त्याच्या तीन हजार प्रती तीन महिन्यांच्या आत संपल्या.

पहिले पुस्तक स्पोर्ट्स मोटारीचे असावे, हा योगायोग वाटत नाही. या मोटारी पहिल्या मालकाकडून दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आल्या की स्वस्त होत. ते मालक तरुण असत आणि गॅरेजचे देयक त्यांच्या आवाक्याबाहेरचे असे. ब्रिटिश करपद्धतीनेही अशा स्वहस्ते कामाला अप्रत्यक्ष उत्तेजन दिले. तयार मोटारीवर खरेदीकर लागे, सुट्या भागांच्या रूपात घेतलेल्या मोटारीवर लागत नसे. म्हणून लोटस सेव्हन व लोटस इलान या मोटारी सुट्या भागांत विकल्या जात आणि ग्राहक त्या घरी जोडत. जोडणीच्या सूचना दिल्यास कराची सवलत जाईल, म्हणून मोटार कशी खोलावी याच्या सूचना देऊन त्या उलट्या क्रमाने वाचावयास सांगत, अशी एक कथा या संदर्भात सांगितली जाते. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली.

एम.जी.बी.च्या नित्य देखभालीचे स्वरूप पाहता तिच्यात मालकाचा सहभाग किती गृहीत धरला होता, हे ध्यानी येते. पुढील चाकांच्या सांध्यांना ग्रीस निपलमधून नियमित ग्रीस द्यावयाचे. झडपांच्या वरचे अंतर फीलर गेजने इंचाच्या एक हजारांश भागांत मोजून जुळवावयाचे. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट घासून त्यांची फट तपासावयाची. यांत सर्वांत रोचक काम म्हणजे दोन एस.यू. कार्ब्युरेटरांचा मेळ घालणे. एस.यू. म्हणजे ‘स्किनर्स युनियन’. पादत्राणांचा व्यवसाय करणाऱ्या स्किनर कुटुंबातील बंधूंनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो घडविला आणि सुरुवातीच्या रचनेत चामड्याचा भाता होता. पुढील रचनेत घंटेसारख्या भांड्यातील दट्ट्या हवेच्या ओढीने वर उचलला जातो. त्याला जोडलेली निमुळती सुई पेट्रोलच्या छिद्रातून वर सरकते आणि हवेच्या प्रमाणात पेट्रोल सुटते. दट्ट्याने उसळी घेऊ नये म्हणून मधल्या पोकळ दांड्यात तेल भरलेले असते आणि ते पाहण्याचे काम मालकाचेच. दोन्ही कार्ब्युरेटर समान हवा ओढतात की नाही, हे तपासण्यासाठी रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हींचा सुसकारा ताडून पाहावयाचा. एखाद्या वैद्याने नाडी पाहावी तसाच हा प्रकार. पुस्तकात वाचून तो समजतो. परंतु साधतो तो कानाला सवय झाल्यावरच.

विजेच्या यंत्रणेबद्दल येथे दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीची विद्युत उपकरणे इतकी बदनाम झाली की तिच्या संस्थापकाला थट्टेने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणण्याची प्रथा पडली. ही थट्टा काहीशी अन्यायकारक आहे. १९६७ पूर्वीच्या एम.जी.बी.मध्ये विजेरीचे धन टोक मोटारीच्या पत्र्याला जोडलेले असे आणि सहा व्होल्टच्या दोन विजेऱ्या आसनांमागे, फरशीखालच्या पेट्यांत असत. तेथे हात पोहोचणे कठीण, त्यामुळे लक्षही पोहोचत नसे. दिवे मंद होण्याचे कारण बहुधा उपकरणात नसते, ते गंजलेल्या जोडणीत असते. ती काढून घासली की पुष्कळदा दोष नाहीसा होतो.

गंजाचा प्रश्न

येथपर्यंतचे वर्णन घरगुती मेकॅनिकच्या बाजूचे झाले. त्याच्या मर्यादा मात्र इंजिनात प्रकट झाल्या नाहीत, त्या पत्र्यात प्रकट झाल्या. एम.जी.ए.ला स्वतंत्र चासी होती. एम.जी.बी.मध्ये ती काढून टाकण्यात आली आणि पत्र्याचा सांगाडाच सर्व भार वाहू लागला. मोटार प्रशस्त झाली, पण गंज आता केवळ सौंदर्याचा प्रश्न राहिला नाही. दरवाजांच्या उंबऱ्यातून जाणारा पोकळ भाग, ज्यास ‘सिल’ म्हणतात, तो छप्पर नसलेल्या या मोटारीचा जणू कणाच. त्याच्या आत चिखल साचतो, पाण्याचा निचरा थांबतो आणि पत्रा आतून कुजत जातो. बाहेरून रंग शाबूत दिसत असताना आतील पडदा नाहीसा झालेला असतो.

याच काळात शासनाचे लक्षही मोटारींच्या स्थितीकडे वळले होते. ब्रिटनमध्ये १९६० साली दहा वर्षांहून जुन्या मोटारींसाठी सुरक्षा चाचणी आली. ‘एम.ओ.टी.’ या नावाने ती ओळखली जाते. १९६७ पर्यंत ही मर्यादा तीन वर्षांवर आली. दुरुस्ती आता मालकाच्या इच्छेवर अवलंबून राहिली नाही. अनेकांनी लांबी भरून, वर डांबरी लेप देऊन चाचणीपुरता वेळ मारून नेला आणि पुढील मालकाच्या गळ्यात कुजलेली मोटार बांधली. घरगुती दुरुस्तीच्या इतिहासातील ही काळी बाजू आहे आणि हौशी मंडळींच्या गौरवपर लेखनात ती बहुधा झाकली जाते.

प्रामाणिक दुरुस्ती कठीण होती. सिल कापण्यापूर्वी दरवाजाच्या रिकाम्या चौकटीत लोखंडी आधार घट्ट बसवावा लागतो. तो न बसविता पत्रा कापल्यास सांगाडा मध्यभागी खचतो. नवा सिल त्या खचलेल्या अवस्थेतच वेल्ड होतो आणि मग दरवाजा कधीच नीट लागत नाही. १९८० च्या दशकात घरी वापरता येतील असे मिग वेल्डिंगचे संच आवाक्यात आले, तेव्हा हे काम गॅरेजच्या मक्तेदारीतून काही अंशी सुटले.

कारखाना बंद झाल्यावर

ॲबिंग्डनचा कारखाना ऑक्टोबर १९८० मध्ये बंद झाला. सामान्यतः उत्पादन थांबले की सुटे भाग आटतात आणि मोटार इतिहासजमा होते. येथे तसे झाले नाही. मालकांच्या संघटना आधीच उभ्या होत्या. एम.जी. कार क्लब १९३० चा, तर एम.जी. ओनर्स क्लब १९७३ चा. तसेच ब्रिटिश लेलँडनेच १९७५ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था स्थापिली होती. या संस्थेने पत्रा ठोकण्याचे मूळ साचे गोळा केले आणि १९८८ पासून एम.जी.बी.चा संपूर्ण नवा सांगाडा पुन्हा तयार होऊ लागला. घरी वर्षानुवर्षे ठिगळे लावणाऱ्या मालकाला आता जुन्या मोटारीतील इंजिन, चाके व आसने काढून नव्या सांगाड्यात बसविता येऊ लागली. हा सांगाडा इतका उपयुक्त ठरला की रोव्हर कंपनीने त्याच्याच आधारावर १९९३ ते १९९५ या काळात एम.जी. आर.व्ही.८ ही मोटार काढली. सुमारे दोन हजार मोटारींपैकी बहुतेक जपानमध्ये विकल्या गेल्या. दुरुस्तीसाठी घडविलेल्या भागातून नवी मोटार जन्मास यावी, असे दुसरे उदाहरण चटकन आठवत नाही.

परंतु येथूनच दुरुस्तीचे स्वरूप बदलले. गरजेपोटी स्वस्त मोटार चालती ठेवणारा तरुण मागे पडला आणि सवडीने व पैसा ओतून मोटार पूर्ववत करणारा मध्यमवयीन हौशी पुढे आला. नव्या सांगाड्याची व त्यासोबतच्या कामाची किंमत मोजण्याची ऐपत पहिल्याजवळ नव्हती. लोकांचे म्हणून वाढलेले हे कौशल्य हळूहळू सुस्थितीतील लोकांचा छंद बनले, हे नमूद करणे इतिहासदृष्ट्या आवश्यक आहे. अमेरिकेच्या कोरड्या प्रदेशांतून गंजविरहित जुन्या मोटारी परत ब्रिटनमध्ये आणण्याचा व्यापारही याच बदलाचे लक्षण होय.

इंधनानेही मालकाला पुन्हा पुन्हा कामास लावले. शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री ब्रिटनमध्ये १९९९ च्या अखेरीस संपली आणि झडपांच्या बैठका कठीण धातूच्या करून घेण्याची गरज निर्माण झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल तेथे प्रचारात आले. जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होतात, म्हणून त्या बदलणे आले. विशेष हे की, मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रचनेत मोठा बदल न केलेल्या मोटारींना एम.ओ.टी. चाचणीतून सूट मिळाली. ज्या चाचणीने गंज उघडा पाडला, तीच या मोटारींच्या बाबतीत ऐच्छिक झाली. मोटार रस्त्यावर आणण्यायोग्य राखण्याची कायदेशीर जबाबदारी मात्र कायम आहे. त्यामुळे आता वर्षातून एकदा मोटारीखाली झोपून, दिवा धरून, हातोडीच्या दांड्याने सिल ठोकून पाहणे आणि आवाज भरीव येतो की पोकळ हे ठरविणे मालकाकडेच आले आहे.