ली-एनफील्ड रायफलचा जीर्णोद्धार

शिकारीसाठी लाकूड कापून हलक्या केलेल्या जुन्या ब्रिटिश सैनिकी रायफलींना नव्याने घडवलेले लाकडी भाग बसवून त्यांचे मूळ रूप परत देण्याच्या कामास ली-एनफील्ड रायफलचा जीर्णोद्धार म्हणता येईल. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका या देशांतील संग्राहकांमध्ये हे काम विशेष रूढ आहे. प्रस्तुत लेखात १९०७ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या ‘शॉर्ट मॅगझिन ली-एनफील्ड मार्क ३’ या रायफलचा विचार केला आहे. ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने पोलिसांच्या खांद्यावर दिसणारी ली-एनफील्ड मराठी वाचकाला परिचित आहे.

पार्श्वभूमी

या रायफलचे उत्पादन एनफील्ड, बर्मिंगहॅम व लंडन येथे, तसेच ऑस्ट्रेलियातील लिथगो आणि बंगालमधील इशापूर येथील कारखान्यांत झाले. तिची नळी २५.२ इंच (६४० मिमी) लांब असून वजन सुमारे ३.९ किलो आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याला नकोशा झालेल्या हजारो रायफली स्वस्तात विकल्या गेल्या. शिकाऱ्याला नळीच्या तोंडापर्यंत पोहोचणारे लाकूड निरुपयोगी वाटे. त्यामुळे करवतीने पुढचे लाकूड अर्ध्यावर कापले जाई व वरची हँडगार्ड काढून टाकली जात. परिणामी पोलादी भाग शाबूत, पण मूळ लाकूड नाहीसे झालेले, अशा रायफली मोठ्या संख्येने उरल्या. नळीही कापलेली असल्यास केवळ लाकडाने काम भागत नाही, कारण संगीन अडकवण्याची नोझकॅप नळीच्या टोकाशीच बसते.

लाकडी भागांची रचना

जर्मन माउझर रायफलचे लाकूड एकसंध असते. ली-एनफील्डचा दस्ता मात्र पुढच्या लाकडापासून स्वतंत्र असल्याने एकच भाग बदलणे शक्य होते. सैनिकाच्या हाताच्या लांबीनुसार दस्ता चार मापांत मिळत असे. मूळ लाकूड बहुधा अक्रोडाचे होते. लिथगो येथे कोचवुड हे स्थानिक व तुलनेने मऊ लाकूड वापरल्यामुळे, धक्का सोसणाऱ्या जागी तांब्याच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. नवे लाकूड निवडताना रायफल कोणत्या कारखान्याची व कोणत्या काळातील आहे, हे म्हणूनच आधी पाहतात.

बसवणी

लाकूड हे या रायफलचे केवळ आवरण नाही. गोळी सुटताना बसणारा मागचा धक्का रिसीव्हरकडून पुढच्या लाकडातील दोन लहान टेकू-पृष्ठांवर येतो. तेथे फट राहिली तर लाकूड मागेपुढे सरकते, नेम बिघडतो आणि अखेरीस लाकूड फाटते. नळीच्या टोकाजवळ स्प्रिंगवर बसवलेली एक छोटी खुंटी नळीला वर रेटत असते. या दाबातही फरक पडून चालत नाही.

यंत्रावर कोरलेले नवे लाकूड म्हणूनच या जागी किंचित जाड ठेवतात. पोलादी भागास काजळी किंवा निळा रंग लावून तो लाकडात दाबला असता उंच राहिलेल्या जागी डाग पडतो. तेवढाच भाग पटाशीने वा कानशीने काढून पुन्हा बसवून पाहिला जातो. दोन्ही टेकूंवर सारखा डाग उमटेपर्यंत हे चालते. अधिक लाकूड निघाले, तर कठीण लाकडाची चकती चिकटवून पुन्हा आरंभ करावा लागतो.

नवशिक्यांची नेहमीची चूक दस्ता काढताना होते. दस्त्याच्या लांब बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड न काढता बोल्ट फिरवल्यास ती पट्टी लाकडास आतून चिरते. अनेक मूळ दस्त्यांच्या जोडीचे चांगले लाकूड याच कारणाने वाया गेले आहे. हँडगार्ड पातळ असल्याने दृष्टिपट्टीलगतचे तिचे कान सहज तुटतात. तिच्या जुन्या स्प्रिंगपट्ट्या मात्र नव्या लाकडावर रिव्हेटने पुन्हा बसवता येतात.

अखेरचा हात कच्च्या जवस तेलाचा असतो. सैन्यातही हेच तेल वापरत. चकाकणारे व्हार्निश येथे विसंगत दिसते. जुना दस्ता अनेक वर्षांच्या तेल-घामाने काळवंडलेला व नवे लाकूड फिकट, हा भेद काही जण रंग देऊन लपवतात, तर काही जण तो मुद्दाम तसाच ठेवतात. जुन्या लाकडावरील खोलगट डाग ओल्या फडक्यावर इस्त्री धरून वाफेने उठवता येतात. घासून काढल्यास त्यासोबत कारखान्याचे शिक्केही जातात.

अस्सलपणाचा प्रश्न

पुढच्या लाकडाच्या खालच्या बाजूस रायफलचा अनुक्रमांक ठोकलेला असे. नव्या लाकडावर तो ठोकून ‘सर्व भाग मूळ’ असे भासवणे ही जीर्णोद्धाराची नव्हे, फसवणुकीची बाब आहे. जबाबदार कारागीर लाकूड नवे असल्याची खूण आतल्या बाजूस करतात. कुटुंबात अनेक दशके शिकारीस वापरलेल्या कापीव रायफलला स्वतःचा इतिहास असतो आणि तो पुसू नये, असा आक्षेपही घेतला जातो. त्यात तथ्य आहे.

कायदा

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय व्यवसाय म्हणून बंदुकांची दुरुस्ती करता येत नाही, आणि .३०३ हे माप सामान्य नागरिकांसाठी निषिद्ध बोअरमध्ये मोडते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ वा त्यापूर्वीची बंदूकच पुराणवस्तू समजली जाते. त्यामुळे १९०७ नंतर बनलेली ही रायफल तेथे शंभरी ओलांडूनही त्या व्याख्येबाहेर राहते.