विद्याव्रत आणि गृहस्थाश्रम

आपल्याकडे ब्रह्मचर्य हे शिष्याचे व्रत. गुरू मात्र गृहस्थ असावयाचा. शास्त्रीबोवांच्या घरीच विद्यार्थी राहत आणि गुरुपत्नी त्यांस वाढीत. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे नेमके उलट घडले. तेथील कॉलेजे मध्ययुगीन धर्मसंस्थांच्या छायेत वाढली. म्हणून त्यांच्या फेलोने अविवाहित राहिले पाहिजे, हा दंडक शतकानुशतके चालला. आपल्या भाषेत बोलावयाचे तर, डोक्यावर अक्षता पडल्या की फेलोशिप सुटली! पुष्कळांचे तारुण्य कॉलेजच्या हातातील एखादी पाद्र्याची जागा रिकामी होण्याची वाट पाहण्यात जाई.

लोकसंख्येवर १७९८ साली प्रबंध लिहिणारे माल्थस ह्यांचेच उदाहरण पाहू. कुटुंब पोसण्याची ऐपत येईपर्यंत विवाह लांबवावा, असा उपदेश त्यांनी १८०३ च्या आवृत्तीत केला. १८०४ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्यांनी स्वतः विवाह केला आणि जीझस कॉलेजच्या फेलोशिपवर पाणी सोडले. पुढल्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या नव्या कॉलेजात त्यांस प्राध्यापकाची जागा मिळाली, तेव्हा संसारास स्थैर्य आले.

अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल ह्यांनाही १८७७ मध्ये मेरी पेली ह्यांच्याशी विवाह करताच केंब्रिज सोडून ब्रिस्टलला जावे लागले. १८८२ च्या नव्या नियमांनी तो दंडक उठला आणि १८८५ मध्ये मार्शल केंब्रिजला प्राध्यापक म्हणून सन्मानाने परतले.

पण मेरीबाईंचे काय? १८७४ मध्ये त्या केंब्रिजच्या मोठ्या परीक्षेस बसून उत्तीर्ण झाल्या होत्या. स्त्री म्हणून पदवी मिळाली नाही. त्यांनी न्यूनहॅम व ब्रिस्टल येथे अध्यापन केले, १८७९ मध्ये पतीसमवेत ग्रंथ लिहिला. आणि पुढे स्त्रियांस पदव्या देण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा विरोध करणाऱ्यांत आल्फ्रेड मार्शलही होते! विवाहापायी ज्याने एकदा विद्यापीठ गमावले, त्यानेच दुसऱ्यांसाठी दार लावून धरावे, ह्याचा आम्हांस विषाद वाटतो. केंब्रिजने स्त्रियांस पूर्ण पदवी १९४८ मध्ये दिली. मेरीबाई १९४४ मध्येच निवर्तल्या होत्या.

आज विवाहास कोणी मनाई करीत नाही. तथापि संशोधनाची उमेदीची वर्षे आणि मूल होण्याची वर्षे एकच असतात, आणि नेमणुका बहुधा तात्पुरत्या. अशा वेळी ‘घर की विद्या’ हा प्रश्न आपण मुलीच्या निश्चयाचा म्हणून तिच्यापुढे टाकतो. आमच्या मते तो संस्थेच्या नियमांचा आहे. आणि जो नियम माणसांनी केला, तो माणसांना बदलता येतो, हे १८८२ ने दाखविलेच आहे.