मुंबई-पुण्याच्या क्लबांची वंशावळ

राष्ट्रीय फुटबॉल लीग 1996 च्या अखेरीस सुरू झाली. पहिल्या नऊ मोसमांत विजेतेपद पंजाब, कोलकाता आणि गोवा यांच्या पलीकडे गेलं नाही. दहाव्या मोसमात, 2005-06 मध्ये, डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली महिंद्रा युनायटेडनं ते मुंबईत आणलं. त्याच मोसमात फेडरेशन चषकही जिंकला. चारच वर्षांनी, 2010 मध्ये, कंपनीनं हा संघ बंद केला.

महिंद्राचा संघ 1962 पासूनचा. तो ज्या घराण्यातला, ते घराणं कंपन्यांचं. मुंबईत फुटबॉल वाढला तो टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, एअर इंडिया अशा संघांच्या आधारानं. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा टाटांकडून खेळत. खेळाडूला नोकरी मिळे, महिन्याचा पगार मिळे, आणि पाय थकल्यावरही घर चाले. ही सोय मोठी होती, तिला कमी लेखू नये. पण कोलकात्यात मोहन बागान, ईस्ट बंगाल हे हजारो सभासदांचे क्लब. मुंबईत संघ होता कंपनीचा, आणि तो ठेवायचा की नाही हे संचालक मंडळ ठरवी.

2007 मध्ये राष्ट्रीय लीगची आय-लीग झाली. व्यावसायिक क्लबाचे निकष आले आणि 2013 मध्ये एअर इंडिया व ओएनजीसी हे संघ त्या निकषांवर बाहेर गेले. तोवर नव्या धर्तीचे क्लब उभे राहिले होते. मुंबई एफसी आणि पुणे एफसी, दोन्ही 2007 चे.

पुणे एफसीबद्दल मला विशेष ममत्व वाटतं. अशोक पिरामल समूहाच्या या क्लबनं बालेवाडीत मैदान धरलं, तरुण मुलांची अकादमी खऱ्या अर्थानं चालवली, आणि 2012-13 मध्ये आय-लीगचं उपविजेतेपद मिळवलं. प्रशिक्षक पुन्हा डेरिक परेराच. महिंद्रानं घडवलेला अनुभव असा पुण्यात कामी आला. पण 2015 मध्ये हाही क्लब मिटला. त्याच वर्षी पुण्यात एका मोसमापुरती भारत एफसी आली नि गेली. मग डीएसके शिवाजियन्स दोन मोसम खेळले. इंडियन सुपर लीगमध्ये 2014 पासून एफसी पुणे सिटी होताच. पुणे एफसीची अकादमी त्यानं 2016 मध्ये घेतली. 2019 मध्ये तोही बंद झाला आणि त्याची जागा नव्या हैदराबाद एफसीला मिळाली. त्या हैदराबादनं 2021-22 चा चषक जिंकला, आणि 2025 मध्ये तो क्लब दिल्लीला हलला. पुणेकरांनी ज्या जागेसाठी बालेवाडीत घसा फोडला, ती जागा तीन शहरं फिरली. हे मला अजून सलतं.

क्लब मिटले तरी माणसं पुढे गेली, आणि हा वंश खरा तिथेच सापडतो. खालिद जमील महिंद्राकडून खेळले, एअर इंडियाकडून खेळले, मुंबई एफसीकडूनही. मग 2009 पासून सात वर्षं ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. तुटपुंज्या पैशांत त्यांनी हा संघ वरच्या श्रेणीत टिकवून धरला. 2016 मध्ये क्लबनं त्यांना सोडलं. ते मिझोरामला गेले आणि 2016-17 ची आय-लीग ऐझॉल एफसीला जिंकून दिली. ऐझॉल आदल्याच मोसमात खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यावर त्याला परत बोलावलं गेलं होतं. 2016-17 च्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन लीगबाहेर पडली, नि पुन्हा उभी राहिली नाही. मुंबईच्या कंपनी-संघांत तयार झालेला हा माणूस ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला.

सध्या पहिल्या श्रेणीत, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, महाराष्ट्राचं नाव राखतो तो एकटा मुंबई सिटी, 2014 चा. 2020-21 मध्ये लीग शील्ड आणि चषक दोन्ही, 2022-23 मध्ये पुन्हा शील्ड, 2024 मध्ये कोलकात्यात मोहन बागानला 3-1 हरवून चषक. महिंद्राच्या एका लीग विजेतेपदापेक्षा ही कमाई कितीतरी मोठी. पुण्याला मात्र 2019 नंतर या श्रेणीत स्वतःचा संघ मिळालेला नाही.