सांधेझीज : उपचारांचा पाठपुरावा घरापर्यंत हवा

'ऑस्टिओआर्थ्रायटिस' अर्थात झिजेचा संधिवात हा केवळ कूर्चेचा नव्हे, तर संपूर्ण सांध्याचा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ५२ कोटी ८० लाख जणांना तो होता. त्यांत सुमारे ६० टक्के स्त्रिया होत्या. गुडघ्याला त्याचा त्रास सर्वाधिक होतो.

'वय झाले, चालणे थांबवा' हा सल्ला मात्र घातक ठरतो. हालचाल थांबल्यास मांडीचे स्नायू दुबळे होतात, वजन वाढते आणि वेदना बळावतात. दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ खाल्ल्यास जठर व मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो. नियमित व्यायाम व वजनावर नियंत्रण हे पहिले उपचार होत. सांधेरोपणाचा विचार त्यानंतरचा. डेन्मार्कमध्ये २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'ग्लॅड' उपक्रमात रुग्णांना आजाराची माहिती देऊन फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली गटाने व्यायाम शिकवले जातात.

महाराष्ट्रात मदतीच्या सोयी विखुरलेल्या आहेत. वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची तरतूद आहे. काठी, वॉकर आदी साधनांसाठी केंद्राची 'राष्ट्रीय वयोश्री योजना' २०१७ मध्ये, तर ६५ वर्षे पूर्ण केलेल्या पात्र ज्येष्ठांना एकदाच तीन हजार रुपये देणारी राज्याची 'मुख्यमंत्री वयोश्री योजना' २०२४ मध्ये सुरू झाली. मात्र रुग्णालयात शिकलेला व्यायाम घरी सुटला, तर या साऱ्याचा उपयोग मर्यादित राहतो. त्यासाठी आशा सेविकेने नियमित विचारपूस करावी, आरोग्य केंद्राने नोंद ठेवावी आणि कुटुंबीयांनी उंच खुर्ची व कमोडची सोय करावी. या तिघांनी परस्परांशी संपर्क ठेवल्यास रुग्णाचे स्वावलंबन अधिक काळ टिकू शकते.