लाकूड हरतं कुठे? जुन्या घरांच्या तुळया तपासताना

शनिवारवाडा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. 1828 च्या आगीत आतले लाकडी मजले गेले, दगडी जोती तेवढी राहिली. त्यामुळे आपल्या मनात एक समज पक्का बसला: दगड टिकतो, लाकूड टिकत नाही. पण 1817 साली मुंबईत वाडियांनी मलबारी सागवानातून बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे जहाज बघा. दुरुस्त्या होत होत ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. म्हणजे नुसत्या वयाने लाकूड मरत नाही.

मग हरतं कुठे? वाडे बांधणाऱ्या सुतारांना हे माहीत होतं. ते खांब मातीत पुरत नसत, दगडी तळखड्यावर उभा करत. कारण ओल आणि वाळवी जमिनीतून चढते. मुंबईच्या जुन्या चाळींत तुळयांची टोकं भिंतीत गेलेली असतात. तिथे वारा लागत नाही, आणि शेजारी मोरी गळत असते. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिला, की बुरशीचं फावतं. तुळई मधोमध ठणठणीत, टोकाला मात्र भुसा!

म्हणून तपासणी टोकांपासून सुरू करायची. हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा: भरीव की पोकळ? टोच्या किती आत जातो ते बघायचं. ओलावा यंत्राने मोजायचा, शंका असेल तिथे बारीक ड्रिलने आतला भाग अजमावायचा. आणि नंतर चढवलेल्या टाक्या, पोटमाळे, फरश्या यांचं ओझंही धरायचं.

आता यात इतिहास कुठे आला? 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी 1940 च्या पातळीवर गोठली. मालकांना दुरुस्ती परवडेना, किंवा करावीशी वाटेना. शेवटी 1969 च्या कायद्याने उपकर घेऊन दुरुस्तीचं काम सरकारी मंडळाकडे आलं. दरम्यान मोऱ्या गळतच होत्या. कुजलेलं टोक हा त्या दुर्लक्षाचाच पुरावा आहे.

तेव्हा ‘इमारत धोकादायक’ एवढ्या दोन शब्दांवर आपण थांबू नये. त्या शब्दांवर कुणाचं तरी बिऱ्हाड संक्रमण शिबिरात जातं. उलट, कुजक्या टोकावर रंग फासला तर माणसं ढिगाऱ्याखाली जातात. आपण विचारावं: कुठली तुळई, कुठलं टोक, किती खोल, आणि पाणी येतंय कुठून? या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर आली, की मगच टेकू लावायचा, टोक बदलायचं की घर रिकामं करायचं, हे ठरवता येतं.