यवतमाळला बघण्यासारखं काय आहे?

हा प्रश्न मला ऑफिसमध्ये नेहमी विचारतात. टिपेश्वरचे वाघ आणि कळंबचा चिंतामणी ही उत्तरं आहेतच. पण मी आधी ‘शकुंतला’चं नाव घेतो.

यवतमाळ ते मूर्तिजापूर, सुमारे ११३ किलोमीटर. दोन रुळांतलं अंतर फक्त अडीच फूट. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ही लाइन वऱ्हाडातला कापूस उचलायला आणली. गाठी मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायच्या, मुंबईला जायच्या, तिथून बोटीने इंग्लंडला. गाडीचं वाफेचं इंजिनही १९२१ मध्ये मँचेस्टरलाच बनलेलं. ते १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल आलं. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी या लाइनची मालकी कंपनीकडेच राहिली. गाडी चालवायची भारतीय रेल्वेने आणि पैसे द्यायचे कंपनीला.

बातम्यांमुळे यवतमाळ म्हणजे आडबाजूचा, शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा, एवढंच लोकांना माहीत असतं. पण हा जिल्हा आडबाजूला कधीच नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच तो जगाच्या बाजाराला जोडला गेला. फक्त भाव ठरवणारे दुसरीकडे बसले होते, आणि अजूनही तसंच आहे.

आता शकुंतला बंद आहे. २०२४ मध्ये वर्धा-कळंब ब्रॉडगेज सुरू झाली. म्हणून म्हणतो, जरूर या. दारव्ह्याला उतरा, जुनी लाइन बघा आणि शेजारच्या शेतकऱ्याला यंदाचा कापसाचा भाव विचारा.